चिठ्ठी एकाची, खिसा दुसऱ्याचा

आईची शुगर चौदा वर्षांपूर्वी निघाली. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिची चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या काउंटरवर उभं राहायचं काम माझं. चिठ्ठीवर सात नावं असतात. त्यातलं एक औषध एम्पाग्लिफ्लोझिन. चिठ्ठीवर मात्र हे नाव कधीच नव्हतं. तिथे कंपनीने ठेवलेलं नाव असायचं. गोळीला साठ रुपयांच्या आसपास, रोज एक, म्हणजे महिन्याला अठराशे रुपये एका औषधाचे.

मार्च २०२५ मध्ये या औषधाचं पेटंट संपलं. लगेच आपल्याकडच्या कंपन्यांनी तीच गोळी काढली आणि सगळ्यांत स्वस्त गोळी साडेपाच रुपयांच्या घरात मिळू लागली. साठची वस्तू साडेपाचला! दिवाळीत सोनं एवढं उतरलं असतं तर गावभर दवंडी पिटली असती. इथे ज्यांच्यासाठी ही बातमी होती त्यांनाच कोणी सांगितली नाही. आम्हाला ती कळली ऑगस्टमध्ये, तीही शेजारच्या काकांकडून. मधले पाच महिने आम्ही जुन्याच भावाने पैसे मोजले. आठ हजारांच्या वर रुपये. माझ्या घराला ते जाणवले, पण आम्ही निभावलं. ज्या घरात महिन्याचे पंधरा हजार येतात तिथे काय झालं असेल? तिथे म्हातारी एक दिवसाआड गोळी घेते आणि मुलाला सांगत नाही.

दुकानदाराला विचारलं, तुम्ही का नाही सांगितलं? तो म्हणाला, "दादा, चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच मला द्यावं लागतं. बदलून दिलं तर लायसन्सवर येईल." त्याचं खरं आहे. औषध नियमांतल्या ६५ व्या नियमाप्रमाणे चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचं औषध देता येत नाही, मग आतला घटक अगदी तोच का असेना. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, ती कितीला मिळते ते मला कुठे माहीत? मी दुकानात कधी जातो?" हे डॉक्टर चांगले आहेत. आईच्या पायाची जखम चिघळली होती तेव्हा त्यांनी तिचा पाय वाचवला, हे मी विसरणार नाही. पण त्यांचं हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. लिहिणाऱ्याला भाव माहीत नाही. देणाऱ्याला भाव माहीत आहे, पण बदलायची परवानगी नाही. पैसे मोजणाऱ्याला दोन्हीतलं काहीच नाही. भाजी घेताना माणूस चार गाळे फिरतो. इथे तो आजारी असतो, घाबरलेला असतो आणि त्याच्या हातातला कागद त्याला वाचताही येत नाही.

याला बाजार म्हणू नये. बाजारात निवड असते.

सरकारचं औषधांच्या किमतींवर नियंत्रण आहे, असं आपण समजून चालतो. ते किती उरलंय ते पाहा. १९७९ च्या किंमत नियंत्रण आदेशाखाली ३४७ मूळ औषधं होती. १९८७ मध्ये १४२ राहिली. १९९५ मध्ये ७४. पुढे २०१३ च्या आदेशाने हिशेबाची रीतच बदलली. पूर्वी गोळी बनवायला खर्च किती येतो ते पाहून, त्यावर ठरावीक टक्के धरून किंमत ठरायची. आता आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधासाठी, बाजारात १ टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या सगळ्या कंपन्यांच्या किमतींची सरासरी काढतात, तीत दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात, आणि तीच कमाल किंमत. ज्या किमती आवरायच्या होत्या त्यांनाच मोजपट्टी केलं. गोळी बनवायला पन्नास पैसे लागले की पाच रुपये, हा प्रश्न त्या हिशेबात कुठे येतच नाही.

आणि हे झालं यादीतल्या औषधांचं. यादीबाहेरच्या औषधांच्या छापील किमती वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा आहे. दरवर्षी दहा टक्के म्हणजे आठ वर्षांत दुपटीच्या वर. कोणाचा पगार, कोणाचं पेन्शन असं वाढतं?

मनात आणलं तर सरकार काय करू शकतं तेही आपण पाहिलेलं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत बांधली. औषध लावलेला जो स्टेंट लाखाच्या वर विकला जात होता त्याला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती बांधल्या. तेव्हा बरीच ओरड झाली की आता देशात चांगला माल येणार नाही. अँजिओप्लास्ट्या बंद पडल्या का? मग पुढे २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. काही वस्तूंवर नफा निघाला १,७३७ टक्क्यांपर्यंत. सतराशे सदतीस. सुया, सिरिंज, सलाईनच्या नळ्या, असल्या वस्तूंवर. नातेवाईक आयसीयूच्या दाराशी उभा असतो तेव्हा सिरिंजची किंमत विचारायचं त्याच्या मनातही येत नाही.

आता गल्लोगल्ली जेनेरिकची दुकानं आली आहेत आणि पाट्या आहेत: ८० टक्क्यांपर्यंत सूट. लोक खूश होतात. मला त्या पाटीचा राग येतो. शंभरची वस्तू वीसला विकून दुकानदार नफा कमावत असेल, तर पाकिटावर शंभर छापायला परवानगी कोणी दिली? आणि ज्या गावात अशी पाटी नाही तिथला माणूस ते शंभर मोजतोच आहे. त्या मानाने सरकारची जनऔषधी केंद्रं बरी. २००८ मध्ये ती सुरू झाली, आता त्यांचा आकडा पंधरा हजारांच्या पुढे गेला आहे, आणि तिथे पाकिटावर छापलेला भावच कमी असतो. पण चिठ्ठी ब्रँडची असली की तिथला फार्मासिस्टही तीच चिठ्ठी उलटसुलट करत बसतो, आणि तीन औषधं नाहीत म्हणून माणूस सातही औषधं नेहमीच्या मेडिकलमधून घेतो. रुग्णालयांत तर प्रश्न आणखी सोपा केलेला असतो: औषध आमच्याच मेडिकलमधून घ्या. अशी सक्ती चालणार नाही अशी तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ४ मार्च २०२५ च्या निकालात न्यायालयाने धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं.

चिठ्ठीवर औषधाचं खरं नाव लिहा, ही मागणी नवी नाही. सरकारने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ मध्ये ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढून टाका असं सांगितलं होतं. पन्नास वर्षं झाली. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत शक्य तिथे जेनेरिक नाव लिहा असं होतं. २०१६ मध्ये त्यात सुवाच्य लिहा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, अशी भर पडली. शेवटी २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते सक्तीचं केलं. भारतीय वैद्यक संघटनेने विरोध केला आणि २३ ऑगस्टला नियम स्थगित झाला. एकवीस दिवस! अर्ध्या शतकाची मागणी एकवीस दिवस टिकली.

संघटनेचं म्हणणं होतं की जेनेरिक औषधांच्या दर्जाची खात्री नाही. हे म्हणणं झटकून टाकता येत नाही, कारण दर्जा नसल्याने माणसं मेलेली आहेत, आपल्याच राज्यात. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, कारखान्यात वापरायचं रसायन. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पाडली. तो अहवाल आला त्यालाही आता पस्तीस वर्षं उलटली. आणि २०२५ च्या शरदात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलं गेली. रसायन तेच. किडन्या निकामी झालेली ती मुलं उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणली होती. बापांनी रिक्षा विकून, गाय विकून डायलिसिसचे पैसे भरले असतील तर मला नवल वाटणार नाही.

पण ते खोकल्याचं औषध ब्रँडचंच होतं. त्याच्यावर कंपनीचं नाव होतं, छापील किंमत होती, आणि ते चिठ्ठीवर लिहून दिलेलं होतं. तेव्हा नाव पाहून दर्जा कळतो हा समज आपण सोडला पाहिजे. दर्जा कळतो प्रयोगशाळेत. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाला औषध निरीक्षक लागतात, नमुने लागतात, निकाल महिन्याभरात नव्हे तर त्याच आठवड्यात हाती यावे लागतात. निरीक्षकांची पदं रिकामी ठेवायची आणि दर्जाची भीती दाखवून लोकांना महागाची गोळी घ्यायला लावायची, यातला कुठलाच भाग मला मान्य नाही. डॉक्टरांच्या संघटनेने नियम थांबवायला जेवढा जोर लावला तेवढा या रिकाम्या पदांसाठी लावावा. मी त्यांच्या मोर्चात चालेन.

एमआरबद्दल, म्हणजे औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींबद्दल, दोन शब्द. ओपीडीबाहेर बॅग घेऊन उभा असलेला तो मुलगा आपला शत्रू नाही. टार्गेट पुरं झालं नाही तर त्याची नोकरी जाते. प्रश्न त्याच्या बॅगेतल्या वस्तूंचा आहे. २२ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च कंपन्यांना करात वजा करून मागता येणार नाही, आणि या भेटींची किंमत शेवटी औषधाच्या किमतीत मिसळून रुग्णच भरतो. सरकारने मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी आचारसंहिता आणली. ती संहिता आहे, कायदा नाही, आणि तिची अंमलबजावणी पाहायची कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्यांनी. चोरी झाली की नाही हे घरमालकाला न विचारता ठरवायचं असं झालं.

आणि तरुण डॉक्टरांकडे पाहिलं की माझा राग थोडा दुसरीकडे वळतो. अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजात एमबीबीएसची फी वर्षाला वीस लाखांच्या वर जाते. साडेचार वर्षं तेवढे भरून, इंटर्नशिप करून, पुढे एमडीसाठी पुन्हा तेवढे भरून जो पोरगा तिशीत बाहेर पडतो, त्याच्या डोक्यावर बापाने गहाण टाकलेलं शेत असतं. त्याने गावात दवाखाना टाकून पन्नास रुपये घ्यावेत असं म्हणायला मी धजत नाही. तो कॉर्पोरेट रुग्णालयात लागतो, तिथे त्याला महिन्याला किती तपासण्या आणि किती भरती झाल्या याचा हिशेब द्यावा लागतो. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी असे डॉक्टर बोलते केले आणि त्यांचं म्हणणं पुस्तकात मांडलं. ते वाचताना वाटतं, प्रामाणिक डॉक्टर या व्यवस्थेत रुग्णाइतकाच एकटा आहे. महाराष्ट्रात १९८७ मध्ये देणगी घेण्याला बंदी करणारा कायदा झाला. देणगी गेली, तिच्या जागी फी आली. प्रवेशाच्या दारात जे पैसे घेतले जातात ते पुढे चिठ्ठीतून वसूल होतात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती असावीच. पण पाठवायचं तिथे राहायला खोली हवी, नर्स हवी, रक्ताची तपासणी हवी, आणि कपाटात औषधं हवीत. रिकाम्या कपाटापुढे बसलेला डॉक्टर बाहेरून आणा एवढंच लिहू शकतो.

आता ताटाकडे येतो. आईच्या चिठ्ठीवर औषधांना सात ओळी आणि जेवणाला एक: गोड कमी करा. चौदा वर्षांत एवढंच. ती साखर सोडून बसली आणि सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर चार-चार मारी बिस्किटं खात राहिली, दुपारी भाताचा डोंगर. बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला वेळ कुठे होता? बाहेर चाळीस माणसं बसलेली. गोळी लिहायला दहा सेकंद लागतात, ताट बदलायला दहा मिनिटं बोलावं लागतं, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे कोणी देत नाही. आपल्या घरांतून मग दीक्षितांचा डाएट की दिवेकरांचा, दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी, यावर भांडणं होतात. दवाखान्यात न मिळालेलं उत्तर लोक व्हॉट्सअॅपवर शोधतात, त्यांचं काय चुकलं?

खरं तर हे ज्ञान आपल्या दारात तयार झालेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. त्यांना दिसलं की आपल्याकडचं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. पण आपल्या त्या बारक्या बाळात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त. मधुमेहाची वाट आईच्या पोटात सुरू होते, तिच्या ताटात काय पडलं यावरून. त्या खेड्यातली बाई दिवसभर शेतात राबते आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. तिच्या लेकराला पन्नाशीत साठ रुपयांची गोळी लागते. २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा अभ्यास आला: १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह, १३ कोटींहून जास्त उंबरठ्यावर, आणि प्रमाण सगळ्यांत जास्त आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. शंभरातली सव्वीस माणसं! एवढ्या लोकांना गोळ्या पुरवून पुरणार आहेत का? अंगणवाडीतली ताई, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स, यांच्या हाती ते दहा मिनिटांचं काम आणि त्याचे पैसे दिले पाहिजेत. आशाताईंना तर मानधनासाठी आझाद मैदानावर बसावं लागतं.

औषधं स्वस्तात देता येतात, हे करून दाखवणारी राज्यं आहेत. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीचं स्वतंत्र महामंडळ काढलं. एकत्र निविदा, मोठी खरेदी, औषधाच्या मूळ नावाने, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, प्रत्येक खेप तपासल्याशिवाय बाहेर नाही. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. आपण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. निर्णय चांगला, मी तेव्हा त्याचं स्वागत केलं होतं. दीड महिन्यात, ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबरच्या चोवीस तासांत, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं. औषधं बाहेरून आणायला लावली अशी नातेवाइकांची तक्रार होती, प्रशासनाने तुटवडा नाकारला, उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. राज्याची औषध खरेदी त्याआधी काही वर्षं हाफकिनच्या महामंडळाकडे होती, तिथून ती काढून नव्या प्राधिकरणाकडे द्यायचं त्याच सुमारास चाललं होतं. खरेदी कोणी करायची याचा घोळ मंत्रालयात, आणि पाळण्यात बाळ.

नुसती खरेदीच नव्हे, सरकारने औषध स्वतः बनवूनही दाखवलं होतं. पिंपरीत माझे मामा ज्या भागात राहायचे त्याला लोक एच. ए. म्हणायचे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. १९५४ मध्ये उभी राहिलेली, देशाची स्वतःची पेनिसिलिनची कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली, आणि देशाला परवडेल असं पेनिसिलिन इथे बनू लागलं. ती कॉलनी, ती शाळा, मैदानावरच्या दिवाळीतल्या किल्ल्यांच्या स्पर्धा. पुढे कंपनी आजारी पडत गेली, पगार थकले, आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने जमीन विकून देणी फेडायचं आणि कंपनी विकायचं ठरवलं. मधल्या काळात देश पेनिसिलिन-जी चीनकडून आणत होता. मामांच्या पिढीतल्या कामगारांना विचारा, ते अजून त्या कारखान्याबद्दल आपल्या घराबद्दल बोलावं तसं बोलतात.

ऑगस्टच्या अखेरीस आईला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. मी कागदावर औषधाचं मूळ नाव आणि तीन कंपन्यांचे भाव लिहून नेले होते. डॉक्टरांनी चष्मा वर करून कागद पाहिला, मला वाटलं रागावतील. त्यांनी जुनं नाव खोडलं आणि मोठ्या अक्षरांत एम्पाग्लिफ्लोझिन लिहिलं. "कागद ठेवून जा," म्हणाले, "बाकीच्या पेशंटनाही लागेल." मेडिकलवाल्याने एक शब्द न बोलता दुसरं पाकीट काढून दिलं. बिल पाहून मी आईला आकडा सांगितला. तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, लांब धरून पाहिली आणि विचारलं, "आणि ही बाकीची सहा?"